घोटीपाशी टाळ थांबतात

कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणाऱ्या गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लागतात, हे नाशिक-मुंबई ये-जा करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मागून धक्का बसतो, दारातला चहावाला किटली सावरतो, पोरं खिडकीतून मागचं इंजिन बघायला धडपडतात. उतरताना काय होतं ते मात्र फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. मुंबईकडे जाणारी गाडी इगतपुरीला थांबते ती वडापावासाठी, अशीच बहुतेकांची समजूत. गाडी तिथे ब्रेकसाठी थांबते. घाटात उतरण्याआधी तिचे ब्रेक लागतात का, पार शेवटच्या डब्यापर्यंत लागतात का, हे तपासल्याशिवाय तिला पुढे सोडत नाहीत.

या घाटात मी ३३ वर्षं काढली. १९८३ साली असिस्टंट म्हणून लागलो, मग मालगाडीचा ड्रायव्हर झालो, शेवटची काही वर्षं मेल-एक्सप्रेस चालवल्या आणि २०१६ साली निवृत्त झालो. आता नाशिकरोडला राहतो. रात्री वारा इकडचा असला की गाडीचा आवाज अजून अंथरुणात ऐकू येतो आणि ती मालगाडी आहे की मेल, हे डोळे मिटूनच कळतं.

थळ घाटाचा चढ ३७ला १ आहे. म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. पायी चालणाऱ्याला तो काही विशेष वाटायचा नाही, पण भरलेल्या मालगाडीला तो कडाच. १ जानेवारी १८६५ रोजी कसारा ते इगतपुरी रूळ सुरू झाले. घाटातल्या केबिनांना आम्ही टीजीआर एक, टीजीआर दोन असंच म्हणत आलो. नव्या पोरांना त्या अक्षरांचा अर्थ विचारला तर सांगता येत नाही. 'थळ घाट रिव्हर्सिंग'. सरळ चढायला जागाच नव्हती, म्हणून जुन्या काळी गाडी कड्याच्या टोकाशी जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलटी फिरून वर निघायची. ती पद्धत कधीच गेली, नाव मात्र राहिलं.

आमच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुंबईहून सुटलेली 'डाउन'. त्यामुळे घाट चढते ती डाउन आणि घाट उतरते ती अप. आम्हाला धास्ती असायची ती अपची. चढताना गाडी अडली तर अडली, मागे बँकर आहेत. उतरताना ती हातातून सुटली तर तिला धरणारं कुणी नाही. म्हणून घाटात कॅच सायडिंग आहेत. उतारावरून आलेली गाडी हाताबाहेर गेली असेल तर तिला मुख्य रुळावरून बाजूला काढून चढावर, वाळूत नेऊन थांबवणारी ती वाट. सांधा आधी तिकडेच लावलेला असतो. ड्रायव्हरने गाडी थांबवून दाखवायची, मग मुख्य रुळाची वाट मिळायची. नवा असताना मला हे अपमानासारखं वाटायचं. चांगली ताब्यात असलेली गाडी, आणि तिला परत परत थांबवून दाखवायचं! पुढे कळलं की तो सांधा माझ्यावर अविश्वास म्हणून नव्हता लावलेला, तो उतारावरचा अविश्वास होता.

अपघातावर गाणं असतं, हे मला पहिल्यांदा कळलं ते इगतपुरीत. तिथे तेव्हा अँग्लो इंडियन कुटुंबं बरीच होती. एक निवृत्त ड्रायव्हर होते, आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. कोळशाच्या इंजिनावर हात घडलेला. संध्याकाळी व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून माउथ ऑर्गन वाजवत बसायचे. एकदा त्यांनी एक गाणं वाजवलं आणि मग आपल्या हिंदी-मराठी-इंग्रजी बोलीत समजावून सांगितलं. अमेरिकेतला एक ड्रायव्हर, केसी जोन्स. ३० एप्रिल १९००च्या पहाटे, मिसिसिपीतल्या व्हॉन नावाच्या ठिकाणी त्याची गाडी उभ्या मालगाडीच्या शेपटीवर आदळली. त्याने फायरमनला उडी मारायला सांगितलं आणि स्वतः ब्रेक धरून बसला. गाडीत इतकी माणसं, मेला तो एकटा. त्याच्यावर पहिलं गाणं रचलं ते वॉलेस साँडर्स नावाच्या, इंजिनं पुसणाऱ्या एका काळ्या मजुराने. हे सांगताना अंकलचा आवाज जड व्हायचा. "गाना किसने बनाया, देखो," ते म्हणायचे, "साहबने नहीं. पोछनेवालेने."

दुसरं गाणं त्यांना अर्धंमुर्धंच यायचं. त्याची हकिकत मी पुढे स्वतः वाचून काढली. २७ सप्टेंबर १९०३. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलजवळ, उतारावरून आलेली ९७ नंबरची टपालगाडी पुलाच्या वळणावर रुळांवरून गेली आणि खाली कोसळली. ड्रायव्हर ब्रोडी धरून ११ माणसं गेली. गाडी तासाभराने उशिरा होती आणि तो उशीर त्याला भरून काढायचा होता. १९२४ साली व्हर्नन डालहार्टने त्या अपघाताचं गाणं रेकॉर्ड केलं, त्याच्या दहा लाखांहून अधिक तबकड्या खपल्या. मग हे गाणं मूळ कुणाचं, यावरून खटला उभा राहिला आणि तो थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

मी ड्रायव्हर असल्यामुळे ही दोन्ही गाणी मला वेगळीच ऐकू आली. दोन्ही गाड्या उशिरा होत्या. दोन्ही ड्रायव्हर वेळ भरून काढत होते. आम्ही त्याला 'मेकअप करणं' म्हणतो. मेकअप करणाऱ्या ड्रायव्हरचं लॉबीत कौतुक होतं, माझंही झालंय, आणि खरं सांगतो, ते कौतुक अंगावर चढतं. नाशिकरोडहून दहा मिनिटं उशिरा निघालेली गाडी मनमाडला वेळेत लावली की त्या रात्री झोप छान लागते. त्या गाण्यांमध्ये हीच चढलेली नशा आहे. शेवटी मरण असलं तरी गाण्याची चाल दौडतच असते. अंकलला मी एकदा विचारलं, घाटात वेळेवर थांबला त्याचं गाणं आहे का? त्यांनी माउथ ऑर्गन मांडीवर आपटून झटकला आणि म्हणाले, "उसका गाना कौन सुनेगा?"

या प्रश्नाचं उत्तर मी बरीच वर्षं शोधत होतो.

मी लागलो त्या काळात बऱ्याच मालगाड्या व्हॅक्युम ब्रेकवर चालायच्या. वेळेवर थांबलेल्या अशाच एका गाडीची, १९८८च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी असिस्टंट, आणि माझे ड्रायव्हर सिन्नरकडचे, कमी बोलणारे. रात्री दोनचा सुमार. इगतपुरीला गाडी उतरण्यासाठी तयार, आणि व्हॅक्युमची सुई जिथे उभी राहायला हवी तिथे राहीना. जवळपास जायची, थरथरायची, परत किंचित खाली. मागून गार्डाचंही तेच म्हणणं. तेवढ्यावर गाडी चालली असती, पुष्कळदा चालते. ड्रायव्हर म्हणाले, "चल, उतर." त्यांनी मला एका बाजूने पाठवलं, स्वतः दुसऱ्या बाजूने निघाले. धुकं इतकं की हातातल्या बॅटरीचा उजेड पुढच्या वाघिणीपर्यंतही पोचेना. डोळ्यांचा उपयोग नव्हता, म्हणून आम्ही कानांनी शोधत गेलो. प्रत्येक जोडणीपाशी वाकायचं, श्वास धरायचा, ऐकायचं. विसाव्या-बाविसाव्या वाघिणीपाशी आवाज आला. म्हातारं माणूस दातांच्या फटीतून हवा आत ओढतं ना, तसा. होसपाइपला बोटभर चीर पडली होती. मी तिच्यावर तळहात ठेवला तर त्वचा आत ओढली गेली. पाइप बदलला, सुई जागेवर आली, गाडी उतरली. २२ मिनिटं गेली. त्या रात्रीची नोंद एवढीच : उशीर २२ मिनिटं.

खाली कसाऱ्याला पोचल्यावर ड्रायव्हरांनी उतरून एकेका चाकाजवळ उलटा हात नेला, तापलंय किती ते पाहायला. जळालेल्या ब्रेकब्लॉकचा तो वास ज्याने एकदा घेतला त्याला तो जन्मभर ओळखता येतो. भिजलेल्या मातीवर तापलेलं लोखंड. गाडी धरून ठेवल्याचा वास तो. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "घरी गेल्यावर सांगण्यासारखं काही झालं नाही. बरं झालं."

माझी आजी इगतपुरी तालुक्यातली. तिच्या माहेरच्या गावातून घाटातला धूर दिसायचा. पहाटे जात्यावर बसली की तिच्या ओव्यांमध्ये देव असायचे, भाऊ असायचा आणि अगीनगाडीही असायची. भाऊ मुंबईला गिरणीत गेलेला, गाडीनेच नेलेला, आणि गाडीनेच परत आणायचा. तिची एक ओवी गाडीला उद्देशून होती. तिचा अर्थ असा, की बाई, तू वाफ टाकत धावतेस खरी, पण डोंगर उतरताना हळू उतर, तुझ्या पोटात माझा भाऊ आहे. मी लहानपणी ती शेकडो वेळा ऐकली असेन. ब्रेकचं दांडकं हातात आलं तेव्हा कळलं की आजी मला नियमच सांगत होती.

दुसऱ्या एका ओवीत पुलाने मूल मागितलेलं होतं. मोठ्या पुलाला बळी लागतो, ही समजूत आपल्याकडे गावोगाव होती. घाटातला एहेगावचा पूल सुमारे १८० फूट उंच आहे. खाली उभं राहून वर पाहिलं तर त्या काळच्या माणसांना तसं का वाटलं असेल हे समजतं. आणि ती समजूत अगदीच खोटी म्हणता येत नाही. दोन्ही घाट फोडताना, बोरघाट काय किंवा थळ घाट काय, पटकीने, सुरुंगाने, कड्यावरून पडून मजूर गेले, हजारांनी गेले. बोरघाटाचं काम घेतलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, काम पुढे नेलं. ही दोन्ही नावं इतिहासात आहेत. डोक्यावरून दगड वाहणाऱ्या बाईचं नाव नाही. तिच्यासाठी कुणी एक ओवी ठेवली, त्यात तिचं मूल पुलाला गेलं. हेच आपलं अपघाताचं गाणं, असं मला वाटतं. पोवाडा शूराचा असतो. स्वातंत्र्यशाहीर गोविंदांच्या नाशकात वाढलेल्याला हे सांगायला नको. ज्याच्या हातात तलवार नव्हती, चूकही नव्हती, त्याचं दुःख बायकांनी जात्यावर दळून ठेवलं.

साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वाटवँ यांनी पुण्याहून गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. माझ्या आजीकडे मात्र कुणी वही घेऊन आलं नाही. मीही नाही बसलो. आज तिच्या दोनच ओव्या मला येतात, आणि त्याही चालीशिवाय.

आता नानांविषयी. नाना घोटीकडचे, गँगमन, पुढे मुकादम. रूळ उचलताना, खडी ठोकताना मुकादम एक ओळ टाकतो आणि गँग ती झेलते, तेव्हाच पंधरा माणसांचा जोर एका क्षणी लागतो. नानांच्या ओळी रोज नव्या असत. कुणाची सोयरीक, कुणाची म्हैस, कालच्या पावसाची तक्रार, सगळं त्या ठेक्यात यायचं. गळा भजनी मंडळात तयार झालेला आणि शब्द वामनदादांच्या गाण्यांवर. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. नानांना त्यांची गाणी ढिगाने पाठ होती.

१५ नोव्हेंबर २०१३. कार्तिकीचे दिवस. पहाटे मंगला एक्सप्रेस घोटीजवळ घसरली. हजरत निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी गाडी. झोपेतली माणसं होती. काही गेली, अनेक जखमी झाली. मी त्या दिवशी नाशिकरोडला होतो, पुढे कामाच्या गाडीबरोबर तिथे गेलो. डब्यांकडे मला बघवेना. मी खाली बघत चाललो. स्लीपरवर चाकांच्या कडेचे घाव होते, एकापुढे एक, सारख्या अंतराने, जणू कुणी मोठ्या विळ्याने ओळीत खाचा पाडल्यात. नाना आणि त्यांची गँग रूळ परत जोडत होती. त्या दिवशी त्यांनी एकही ओळ टाकली नाही. "हं" एवढाच आवाज, आणि पंधरा माणसांचा जोर. इतक्या वर्षांत नानांची गँग मी पहिल्यांदाच गाण्याशिवाय काम करताना पाहिली.

पुढच्या पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्यांचं मंडळ घोटीहून त्र्यंबकला पायी निघालं, तेव्हा मी रजा काढून त्यांच्याबरोबर चाललो. वाटेत नानांनी एक नवं भारूड धरलं. गाडी कसाऱ्याहून निघते. तिला इंजिन विवेकाचं आणि बँकर नामाचे, इथपर्यंत नेहमीचंच. मग एकेक स्टेशन येतं आणि प्रत्येक स्टेशनाला एकेक माणूस उतरतं. इगतपुरीला शिपाई, पाडळीला भाजीवाली, अस्वलीला शाळामास्तर, लहवितला नवी सून, देवळालीला सुट्टीवर आलेला जवान, नाशिकरोडला म्हातारी आई. प्रत्येक जण आपापल्या घरी पोचतो आणि दार उघडतं. मी मोजत होतो. इगतपुरीनंतर घोटी यायला हवी. तिथे नानांनी शब्दच घातला नव्हता. हात वर केला आणि टाळ थांबले, मृदंग थांबला, एक पूर्ण आवर्तन नुसती पावलं वाजली. मग पाडळी.

मी त्यांना विचारलं, "नाना, घोटीला कोण उतरलं?"

"डायव्हरसायेब," ते म्हणाले, "घोटीला जी उतरली त्यांची घरं मला ठाव नाहीत. दार कुठलं उघडायचं?"

अंकलला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या वाटेवर मिळालं. घरी पोचलेल्यांचं गाणं होऊ शकतं. नानांनी ते केलं होतं, आणि न पोचलेल्यांना त्यात जागा ठेवली होती. त्या अमेरिकन गाण्यांत गाडी धावते आणि कोसळते. नानांच्या गाण्यात ती दर स्टेशनाला थांबते. मी अपघाताची जेवढी गाणी ऐकली त्यात गाडी थांबण्याला एवढा मान दिलेलं दुसरं गाणं नाही.

निवृत्तीनंतरही काही दिवस असे आले की ते भारूड मनात वाजत राहिलं. ८ मे २०२०ची पहाट त्यातली एक. जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले होते. मालगाडीखाली १६ जण गेले. टीव्हीवर रुळांत पडलेल्या भाकऱ्या दाखवत होते. माझं लक्ष एका वाक्यावर खिळलं : ड्रायव्हरने त्यांना पाहिलं होतं, गाडी थांबवायचा प्रयत्नही केला होता. धावती मालगाडी जागच्या जागी थांबत नाही. ब्रेक लावल्यानंतर ती पुढे जातच राहते आणि त्या काही क्षणांत ड्रायव्हरच्या हाती करण्यासारखं काहीच उरत नाही. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण त्या रात्री मला त्याच्यापाशी जाऊन बसावंसं वाटलं होतं.

मग ३ एप्रिल २०२२. दुपारची वेळ, लहवित आणि देवळालीच्या मध्ये जयनगरला जाणाऱ्या पवन एक्सप्रेसचे डबे घसरले, माणसं जखमी झाली. नाना तोवर गेले होते. मंडळात त्यांचा मुलगा आता पुढे उभा राहतो. पुढच्या यात्रेआधी घोटीत मंडळाची बैठक झाली, मला मुद्दाम बोलावलं. प्रश्न एकच होता : लहवितलाही टाळ थांबवायचे का? एक जण म्हणाला, तिथे घोटीसारखी वेळ नव्हती. दुसरा म्हणाला, ज्याचा हात मोडला त्याला विचार. तिसऱ्याचं म्हणणं, असं प्रत्येक ठिकाणी थांबत गेलो तर गाणंच राहायचं नाही. तासभर बोलणं चाललं. शेवटी नानांच्या सुनेने तोड काढली. लहवितला नवी सून उतरते ती ओळ ठेवायची, पण टाळांशिवाय, नुसत्या गळ्याने म्हणायची. तेव्हापासून तसंच म्हणतात.

त्या भारुडाचे शब्द मी नानांच्या मुलाकडून एका वहीत उतरवून घेतले, त्याला वाचून दाखवले आणि एक प्रत मंडळात ठेवली. आजीच्या बाबतीत जे राहून गेलं ते परत होऊ द्यायचं नव्हतं. कसाऱ्यापासून मनमाडपर्यंत, आणि तिकडे भुसावळपर्यंतही, रेल्वेत राबलेल्यांची हजारो घरं आहेत. तुमच्या घरात कुणाला गाडीची, पुलाची, अपघाताची ओवी येत असेल, गँगची आरोळी येत असेल, तर ते माणूस आहे तोवर त्याच्याजवळ बसा. शब्द लिहा, रचणाऱ्याचं नाव लिहा, साल लिहा. आणि गाताना कुठे थांबायचं, तेही लिहून घ्या.